चाळीनं फुकट केलेली कामं

"घर घेताना एवढी हौस होती. आता सगळं आहे आणि कुणालाच करमत नाही. आमचा निर्णय चुकला का?"

हा प्रश्न आमच्याकडे, म्हणजे कुटुंबांचं समुपदेशन करणाऱ्यांकडे, साधारण एकाच सुमाराला येतो, राहायला जाऊन तीन-चार महिने झाले की. दूध उतू घालून झालेलं असतं, वास्तुशांतीचं जेवण आणि पाहुण्यांचं "वा, काय हवेशीर आहे" सुद्धा आटोपलेलं असतं. इथे दिलेला अनुभव एका कुटुंबाचा आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लालबागच्या चाळीतली 180 चौरस फुटांची पागडीची (ठोक रक्कम देऊन घेतलेली, जुन्या भाड्याची) खोली विकून आणि वर 30 लाखांचं कर्ज काढून या कुटुंबानं बदलापूरला टू बीएचके घेतला. घरात सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई, फोर्टमध्ये नोकरी करणारा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. दसऱ्याला गृहप्रवेश केला. फेब्रुवारीत सून एकटीच आली. सासूबाई दिवसदिवस बोलत नाहीत, नवरा घरी आला की जेवतो आणि झोपतो, मुलीला स्वतःची खोली रंगवून दिली तर ती हॉलमध्ये आजीच्या अंथरुणात शिरते. "घराचा हट्ट माझा होता," ती म्हणाली. "आता आई गप्प बसल्या की मला तो टोमणाच वाटतो."

पहिल्या भेटीत तिच्याकडून घराबद्दलच्या अपेक्षा लिहून घेतल्या. जागा, स्वतःचा संडास, मुलीला अभ्यासाला टेबल, पाहुणे आले तर कुणाला गॅलरीत झोपायला लागू नये. हे सगळं घरानं दिलं होतं. यादी खाली सरकत गेली तशा वेगळ्या ओळी यायला लागल्या: भांडणं कमी होतील, ह्यांची चिडचिड थांबेल, आईंना आराम मिळेल. या ओळी भिंतींच्या आवाक्यातल्या नव्हत्या. पण नुसतं एवढं सांगून उपयोग होत नाही, कारण माणसाला ते ऐकून फक्त अपराधी वाटतं. म्हणून दुसरा कागद घेतला आणि त्यावर मथळा लिहिला: चाळ आपली कोणती कामं फुकट करत होती?

सुरुवातीला तिला तीनच आठवली. दुसऱ्या भेटीला ती सतरा घेऊन आली.

शेजारी ठेवलेली जादा चावी. मुलगी शाळेतून आली आणि घरात कुणी नसलं तर वीस मिनिटं कुणीतरी बघायचं. सिलिंडर आला की कुणीही घ्यायचं. कोथिंबीर संपली तर समोरून. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, जी रोज सकाळी शेजारच्या काकांच्या गोळीबरोबर घेतली जायची, त्यामुळे कधी चुकली नाही. सकाळी आठपर्यंत दार उघडलं नाही तर कडी वाजायची. आणि सगळ्यात शेवटी, जरा लाजत, भांडण. चाळीत नवरा-बायकोचं भांडण कुजबुजत व्हायचं, कारण पार्टिशनपलीकडे कान होते. नवीन घरात दार लावता येतं, त्यामुळे आवाजही चढवता येतो. भांडणं वाढली असं तिला वाटत होतं. आमच्या मते वाढली नव्हती, त्यांचा ब्रेक गेला होता.

नव्या घराचा खर्च मांडताना हप्ता, मेंटेनन्स, रेल्वेचा पास एवढं सगळे धरतात. या सतरा कामांची किंमत कुणी धरत नाही, कारण त्यांचं बिल कधी आलेलं नसतं. घर बदललं की ती एका दिवसात बंद पडतात आणि मग उगाच कुणावर तरी राग निघतो. म्हणून प्रत्येक कामापुढे एक जागा मोकळी सोडायची आणि ठरवायचं: हे आता कोण करणार, की पैसे देऊन होणार, की सोडून द्यायचं? सिलिंडरसाठी वॉचमनकडे निरोप, गोळीसाठी सात खणांची डबी आणि मोबाइलचा गजर, कोथिंबिरीचा नाद सोडला. भांडणासाठी एक नियम केला: रात्री साडेनऊनंतर पैशाचा विषय काढायचा नाही, तो रविवारी सकाळी.

पैशाच्या विषयात एक गाठ होती, ती सोडवावी लागली. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाख म्हणजे हप्ता सुमारे 26,035 रुपये. पहिल्या हप्त्यातले 21,250 व्याजात जातात, मुद्दल फिटतं 4,785. बँकेचा उतारा पाहून नवरा हबकला होता, कारण 'हप्ता भरतोय म्हणजे घर आपलं होतंय' ही त्याची कल्पना पहिल्या काही वर्षांत आकड्यांत दिसतच नाही. हे आधी माहीत असलं तर फक्त वाईट वाटतं, नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. मेंटेनन्सचंही तेच. बिल्डर आगाऊ घेतो तेव्हा तो आकडा कायमचा वाटतो. सोसायटी स्थापन झाली की आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) त्यात धरावा लागतो. रक्कम वाढणार, असंच समजून चालावं.

त्यात सुनेनं डिसेंबरमध्ये परळची नोकरी सोडली होती, प्रवास झेपेना म्हणून. हा प्रवास फसव्या अपेक्षांचा सगळ्यात मोठा कारखाना. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. फास्ट लोकलनं दीड तासाच्या आत-बाहेर. त्यात घर ते स्टेशन रिक्षा, रांग, फोर्टात उतरून चालणं मिळवलं की दाराला दार दोन तास होतात. लालबागजवळच्या चिंचपोकळी स्टेशनहून हाच माणूस पस्तीस मिनिटांत खुर्चीवर असायचा. रोजचा फरक दोन तास पन्नास मिनिटं, महिन्याच्या 24 कामाच्या दिवसांत 68 तास. माणूस घरी येऊन गप्प बसतो त्याला आम्ही लगेच 'संवादाचा अभाव' म्हणत नाही. आधी हा गुणाकार करतो. घर अजून बुक करायचं असेल त्यांना एवढंच सांगणं: टोकन देण्याआधी तिथून कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला तीन दिवस जाऊन-येऊन बघा, त्यातला एक दिवस पावसाळ्यातला असेल तर उत्तम. रविवारी दुपारी साइट बघायला गेलेल्या माणसाला गर्दीतलं काहीच दिसत नाही. नदीकाठचा भाग असेल तर पूररेषा विचारा. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, ती उल्हास नदी काही तिथून हललेली नाही.

आणखी एक साधी चाचणी. इमारतीसमोर शनिवारी रात्री आठला उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. नव्या इमारतीत बरेच फ्लॅट गुंतवणुकीचे असतात, काहींचे मालक लग्न ठरेपर्यंत येत नाहीत. या कुटुंबाच्या मजल्यावर चारपैकी तीन दारांना कुलूप होतं. शेजार नाही म्हणून शेजाऱ्यांची मनं कोरडी ठरत नाहीत. तिथं माणूसच नाही. शिवाय पहिलं वर्षभर कुठे ना कुठे ड्रिल चालणार, लिफ्टला प्लायवूड ठोकलेलं असणार, जिन्यात सिमेंटच्या गोणी असणार. त्याला वर्षाचीच मुदत द्यावी.

सासूबाई तिसऱ्या भेटीला आल्या. त्यांना 'काय त्रास होतो' विचारलं तर "काही नाही, सगळं सोन्यासारखं आहे" हेच उत्तर मिळतं. ते उत्तर घराचं असतं, आणि त्यात मुलाची लाजही राखलेली असते. म्हणून वेळेवरून विचारलं, "काकू, चाळीत सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत असायचात?"

त्यांनी हात मांडीवर असे धरले की मधे सूप आहे. गॅलरीत बसून तांदूळ निवडायचे. वास्तविक तांदळात आता खडे नसतातच. पण सूप मांडीवर असलं की येणारा-जाणारा थांबतो, रिकाम्या हातानं बसलेल्या बाईशी कोण बोलायला थांबणार? अकरा ते साडेबारा एवढ्या वेळात त्यांना अख्ख्या मजल्याची खबर असायची. नव्या घरात त्यांनी हेच करून पाहिलं होतं. दार उघडं टाकून उंबऱ्याशी पाट घेऊन बसल्या. सुनेनं दोनदा दार लावलं, "आई, इथं असं बरं दिसत नाही." तेव्हापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसतात. खिडकी डक्टकडे उघडते, पाइप दिसतात.

सून हे ऐकताना रडली. पण तिचीही बाजू होती, नव्या इमारतीत 'चाळीची माणसं' ठरायची तिला भीती होती. मधला मार्ग लोखंडी निघाला: मुख्य दाराला बाहेरून जाळीचा सेफ्टी दरवाजा. तो लावून आतलं दार साडेदहा ते साडेबारा सताड उघडं. सूप परत आलं.

इथे एक अभ्यास आठवतो. बॉस्टनमधला वेस्ट एंड भाग पाडला आणि तिथली कुटुंबं उठवली. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी 1963 मध्ये त्यांच्याबद्दल लिहिताना त्या दुःखाला मृत्यूनंतरच्या शोकाच्या जवळचं मानलं. ती माणसं सक्तीनं हलवली होती, इथे सगळे हौसेनं आले. पण आवडीनं सोडलेल्या गोष्टीचाही शोक होतो आणि तो जास्त अवघड असतो, कारण तक्रार करायला तोंड नसतं. महिन्यातून दोन दिवस लालबागला मुक्कामाला जायला काकूंना मोकळीक द्या, असं आम्ही सांगितलं. 'गेल्या की आणखी मन उडेल' ही मुलाची भीती बहुतेक वेळा खोटी ठरते. मात्र पहिले सहा आठवडे जाऊ नये असं सांगणारे सल्लागार आहेत, त्यांचं आम्हाला पटत नाही.

नातीबद्दल फार काही करावं लागलं नाही. घरातल्या सगळ्यांच्या श्वासांच्या आवाजात झोपलेलं मूल रंगीत खोलीत एकटं झोपत नाही, त्याला वर्ष लागू शकतं. टेबल तिथं, अंथरूण आजीजवळ.

घराच्या तक्रारींसाठी वेगळी वही करायला लावली, कारण सून भिंतीवरची प्रत्येक भेग 'निर्णय चुकला' याचा पुरावा म्हणून दाखवत होती. प्लास्टर वाळताना केसासारख्या भेगा पडतात, त्या बहुतेक निरुपद्रवी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहायची. तीन महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली, नखाएवढी रुंदावली किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली तर इंजिनिअरला दाखवायची. बांधकामातल्या दोषांची लेखी तक्रार ताब्यापासून पाच वर्षांत केली तर रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा) कायद्याप्रमाणे बिल्डरनं तीस दिवसांत ते विनाशुल्क दुरुस्त करायचे असतात. फोनवर सांगून ठेवलेलं यात धरू नये. वहीत गेलेली भेग जेवणाच्या ताटावर येत नाही, हा आमचा मुख्य हेतू.

सामानाच्या बाबतीत ब्रोशरमधलं चित्र नडतं. बेडरूम 10 बाय 10. पलंग सहा बाय साडेसहा, पायथ्याशी दोन फूट खोलीचं कपाट. उरतं दीड फूट, तेवढ्यात दीड फुटी पल्ला उघडून माणूस उभा राहत नाही. पलंग घेण्याआधी जमिनीवर त्या मापाची वर्तमानपत्रं चिकटवून दोन दिवस त्यांच्याभोवती चालावं. पहिल्या तीन महिन्यांत पंखे, दिवे, गिझर, पडदे, खिडक्यांचे ग्रिल आणि वयस्कर माणूस असेल तर रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा, एवढंच घ्यावं. सोफ्याची घाई करू नये.

उदास वाटणं आणि आजार यांतली रेघ मात्र घरच्यांनी ओळखायला हवी. नव्या जागेतली बेचैनी चढते-उतरते, एखाद्या दिवशी हसू येतं. सलग दोन आठवडे झोप, भूक, अंघोळ बिघडली, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, किंवा "आता जगून काय" असं बोलणं आलं तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. वयस्कर माणूस अचानक गोंधळला, रात्री संडासाची दिशा चुकू लागली, तर 'जागा नवीन आहे' म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, थायरॉइड आधी तपासून घ्या.

विकून परत जायचं का, हा प्रश्न मुलानं विचारलाच. घर सुरक्षित नसेल किंवा हप्ता खरोखर झेपत नसेल तर तो लगेच बसून सोडवावा. बाकी कारणांसाठी वर्ष पूर्ण होईपर्यंत, म्हणजे एक पावसाळा आणि एक गणपती तिथं काढेपर्यंत, निर्णय घेऊ नये असं आम्ही सांगतो.

जूनमध्ये सून पुन्हा तो सतरा ओळींचा कागद घेऊन आली. दार उघडं असायचं म्हणून 403 मधल्या बाई थांबायला लागल्या, जादा चावी आता त्यांच्याकडे असते. स्टेशनजवळच्या एका दुकानाचे हिशेब ती अर्धवेळ लिहिते, पगार पूर्वीच्या निम्मा. पंधरा ओळींपुढे काही ना काही लिहिलेलं होतं. 'आठला दार उघडलं नाही तर कडी वाजवणारं माणूस' यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. आणि नवऱ्याच्या 68 तासांसाठी खाली तिनं स्वतः अठरावी ओळ वाढवली होती. तिच्यापुढची जागा कोरी आहे.