'पूर्वी' म्हणजे कधी?

अगं,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज रात्री दोनदा ऐकला. कासवाच्या घरट्यात शंभराच्या वर अंडी, त्यातून पिल्लं बाहेर आली नऊ, बाकीची आतच शिजल्यासारखी, हे सांगताना तुझा आवाज बसला ते कळलं मला. वाईट वाटलंच. पण शेवटी जे म्हणालीस ना, "सर, पूर्वी असं नव्हतं होत, आता सगळं संपतच आलंय, मग रोज पहाटे घरट्यांवरच्या टोपल्या उचलून उपयोग काय", त्यातल्या 'पूर्वी'लाच मी अडकलो. पूर्वी म्हणजे कधी गं? तुझे या किनाऱ्यावर दोनच सीझन झालेत.

चिडू नकोस, हा शब्द मी स्वतः आयुष्यभर वापरलाय म्हणून बोलतोय.

आमचे आबा कॅलेंडरवर सगळं लिहायचे. दुधाच्या रतिबाच्या खुणा असायच्या त्याच चौकोनात खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात 'खालच्या बागेत मोहोर', 'तुडतुडे दिसले', 'पहिली पेटी गेली'. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा मी, कॉलेजात बॉटनी शिकवणारा शहाणा माणूस, ती सगळी गुंडाळी न्हाणीच्या चुलीत घातली. आंघोळीचं पाणी तेवढं तापलं. मग पुढे थंडीचा नेम राहिना, मोहोर मागेपुढे व्हायला लागला, फेब्रुवारीतच असं ऊन की बारकी फळं गळतायत, मोठी झाडावरच भाजतायत, आणि एका मीटिंगला मी तावातावाने उभा राहिलो की साहेब, पूर्वी मोहोर वेळेवर यायचा. साहेबाने शांतपणे विचारलं, पूर्वी म्हणजे किती तारखेला? बसलो खाली. उत्तर होतं माझ्याकडे, मीच जाळलेलं.

म्हणून सांगतो, तारीख टाक. बाकी काही नाही केलंस तरी चालेल, तारीख टाक.

जपानात क्योतोला चेरी कधी फुलली याच्या नोंदी बाराशे वर्षांमागच्या मिळतात. त्या लिहिणारे कोण, तर दरबारी लोक आणि भिक्षू, फुलं बघायला कधी गेलो एवढंच डायरीत लिहीत होते, हवामान बदलाचा त्यांच्या डोक्यात विषयही नव्हता. पण त्यामुळेच आज छातीठोकपणे म्हणता येतं की 2021 साली बहर 26 मार्चला ऐन भरात आला आणि त्याआधीचा सगळ्यात लवकरचा 1409 सालचा 27 मार्च. आमचे आबा दुधाच्या हिशोबाशेजारी हेच करत होते की!

आता तुझं. कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं हे तुला मी शिकवायला नको. साधारण 30 अंशांच्या आसपास काटा फिरतो, त्याच्यावर वाळू तापली की माद्याच माद्या, आणि अजून वर गेली की तू बघितलंस ते. पण जी नऊ जिवंत निघाली ती नर होती की माद्या? बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. पिल्लू न मारता अंदाज बांधायचा तर अंडी उबण्याचा जो मधला एक तृतीयांश काळ असतो त्यातलं घरट्याचं तापमान हवं, आणि ते तुझ्या रजिस्टरमध्ये नाही. अंडी किती, पिल्लं किती, पर्यटक किती, सगळं आहे, फोटोही झकास आहेत, तापमानाचा रकानाच नाही! ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांची वयात न आलेली पिढी तपासली तर 99 टक्के माद्या निघाल्या, हे 2018 साली छापून आलं. तोवर ती पिल्लं समुद्रात जाऊन वर्षं उलटली होती. आपल्याकडे काय चाललंय? तू आज सोडलेलं पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातील, तेव्हा काय 'पूर्वी बरे नर असायचे' म्हणणार आहेस?

माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला माहितीय. सर वह्या भरत बसले, मोर्चाला आले नाहीत. नाही गेलो. घाबरलो होतो थोडा, खोटं कशाला बोलू, नोकरी होती, पोरं शिकत होती. पण मोर्चात वाचायला आकडे लागले तेव्हा रात्री अकराला माझ्याच दारात आले ना? कीलिंग नावाच्या माणसाने 1958 पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, पैसे बंद झाले म्हणून 1964 साली काही महिने मोजणी थांबली, पठ्ठ्याने परत सुरू केली, सुरुवातीला हवेच्या दर दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता आता 420 च्या वर आहे हे आपण त्याच्या हट्टामुळे बोलतो. मी कीलिंग नाही, माझ्या फक्त एकोणीस वह्या आहेत बहाव्याच्या आणि मोहोराच्या, त्याही कॅलेंडरं जाळल्यानंतरच्या. असो, फार बोललो स्वतःबद्दल.

पुण्याची ती नोकरी घ्यायची की नाही मला विचारू नकोस. घ्यायची तर घे, पगार लागतो माणसाला. पण सीझन अर्धवट टाकून जाऊ नकोस, आणि जाताना रजिस्टर गावातल्या कासवमित्राच्या हातात दे, तुझ्या लॅपटॉपमध्ये नेऊ नकोस.

उद्याच्या सकाळच्या एसटीने लांब वायरचा थर्मामीटर पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे, उतरवून घे. टोक अंड्यांच्या खोलीपर्यंत जाऊ दे पण घरट्यात खुपसू नकोस, बाजूला वीतभर अंतरावर पुर. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. जाळीच्या सावलीत एक आणि उघड्या वाळूत एक, दोन्हीकडे बघ. एखादी वेळ चुकली तर रकाना रिकामा सोड, अंदाजाने भरू नकोस, मला कळतं ते.

आणि हा थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो. पहिल्या पानावर तेही लिही.

तुझा,
सर