रंधा लावला की पाइप तुंबतो

प्रश्न : घरच्या वर्कशॉपमध्ये १ एचपीचा डस्ट कलेक्टर (पंख्याने भुसा ओढून पिशवीत जमा करणारं यंत्र) आहे. करवतीला त्रास नाही, पण रंधा मशीन लावलं की तुंबतो. का?

उत्तर : करवतीचा भुसा बारीक, रंध्याचे छिलके लांब, गुंडाळलेले. पंख्याच्या तोंडाशी अधिकच्या चिन्हासारखी जाळी असते. तिथे एक छिलका अडकला की बाकीचे त्याला बिलगतात. जाळी मात्र काढू नका, बोटं तीच वाचवते. पंख्याच्या आधी ड्रमचा सेपरेटर लावा, म्हणजे छिलके पंख्यापर्यंत न जाता ड्रममध्येच पडतील. झाकण हवाबंदच हवं. फटीतून हवा शिरली तर भुसा पुन्हा वर उडून पंख्याकडे जातो. ड्रम दोन तृतीयांश भरला की रिकामा करा. पाइप शेवटपर्यंत ४ इंची, ९० अंशाच्या एल्बोऐवजी ४५चे दोन, खाचांचा लवचीक होज हातभरच. आणि कलेक्टरची पिशवी शेवटची कधी झटकलीत? ती माखली की ओढ मरते.