जपानी आवाज मराठीत आणताना

प्रश्न : मी जपानी भाषेची एन३ (पाच पातळ्यांपैकी मधली) परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. जपानमधील काही छोटी, स्वतंत्र माध्यमे सहसा ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मुलाखती जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करतात. मोठ्या वृत्तपत्रांच्या इंग्रजी आवृत्त्या असताना यांची गरज काय? आणि अशा मुलाखती मराठीत आणताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : जपानमध्ये मंत्रालये, पोलीस आणि मोठ्या संस्थांना जोडलेले ‘किशा क्लब’, म्हणजे वार्ताहरांचे गट, असतात. त्यांचे सदस्यत्व प्रामुख्याने मोठ्या वृत्तपत्रांकडे आणि वाहिन्यांकडे असल्याने बातमीचा ओघ कचेरीतून वाचकाकडे वाहतो. मोठी वृत्तपत्रे गैरसोयीचे विषय टाळतात, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पण देशाच्या अवघ्या ०.६ टक्के भूभागावर अमेरिकी लष्कराच्या खास वापरातील सुमारे ७० टक्के क्षेत्र सोसणाऱ्या ओकिनावा बेटांचा रहिवासी या वृत्तपत्रांत बहुधा एका वाक्यापुरताच येतो. छोटी माध्यमे त्याला सलग बोलू देतात, आणि मूळ जपानी मजकूर शेजारीच असल्याने अनुवादकाने काय गाळले, काय गुळगुळीत केले, हे बोलणाऱ्याच्या शेजाऱ्यालाही तपासता येते. माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

मराठीत आणताना खरी कसोटी बुराकू, म्हणजे जपानमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या, समाजाच्या मुलाखतींत लागते. १८७१च्या फर्मानाने या समाजावरील अस्पृश्यतेचा कायदेशीर शिक्का पुसला, महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, १९२२मध्ये, क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही त्यांची संघटना उभी राहिली. तरीही १९७५मध्ये असे उघडकीस आले की नोकरभरतीत या समाजाच्या वस्त्यांतील उमेदवार हुडकून काढण्यासाठी कंपन्या गावांच्या नावांच्या गुप्त याद्या विकत घेत होत्या. अशा याद्या प्रसिद्ध करण्याच्या प्रकरणात तोक्यो उच्च न्यायालयाने २०२३मध्ये भेदभाव न होण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. आडनाव आणि गाव विचारून जात काढणारे मुंबईतही कमी नाहीत, त्यामुळे यातला धोका आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. मुळात गाळलेले गावाचे नाव आपण शोधून काढून तळटीपेत देऊ नये. महाराष्ट्राशी साम्य जाणवले, तर ते आपल्या प्रस्तावनेत लिहावे. बोलणाऱ्याच्या तोंडी घालू नये.

ओळख लपवलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मराठी क्रियापदच घात करते. जपानी वाक्यात कर्ता अनेकदा नसतोच आणि क्रियापदावरून लिंग कळत नाही. आपल्याला मात्र ‘गेलो’ किंवा ‘गेले’ यांतले एक निवडावेच लागते. तेव्हा माध्यमाकडून आधी खुलासा मागवावा, आणि लिंग उघड करायचे नसेल तर ‘मी पाहिले’, ‘मला वाटले’ अशा रचनांचा आधार घ्यावा. परवानगी माध्यमाची आणि बोलणाऱ्याची अशी दोघांचीही घ्यावी, कारण इंग्रजीसाठी दिलेला होकार मराठीला आपोआप लागू होत नाही.

अनुवाद जपानीवरूनच करावा, इंग्रजी मजकूर फक्त पडताळणीसाठी ठेवावा. मात्र एन३च्या बळावर वृद्धांच्या बोलीतील मुलाखत एकट्याने हाती घेऊ नये. आधी प्रमाण जपानीतील एखादी छोटी मुलाखत निवडावी, आणि छापण्यापूर्वी ती जपानी मातृभाषा असलेल्या एखाद्या जाणकाराबरोबर ओळीने वाचून घ्यावी.