लहान प्राथमिक शाळेत वर्षभर कोणते उपक्रम घ्यावेत?

चार इयत्ता, दोन शिक्षक आणि जेमतेम वीस मुले असलेल्या शाळेत वर्षभर पुरतील असे कोणते उपक्रम घ्यावेत, असे आपण विचारले आहे. दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतची माझी शाळाही अशीच द्विशिक्षकी आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. प्रत्येक दिनविशेषासाठी वेगळा कार्यक्रम करू लागलो, तर या तासांतले बरेच तयारीत जातात. पहिल्या वर्षी मी तसेच केले आणि त्यातले मुलांच्या वहीत फारसे काही उतरले नाही. तेव्हापासून मोजकेच उपक्रम घ्यायचे, ते गावच्या ऋतूला धरून घ्यायचे आणि चारही इयत्तांना एकाच कामात आपापला वाटा मिळेल असे पाहायचे, हे मी पाळत आलो आहे.

जूनमध्ये पर्जन्यमापक बनवावा. सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो फनेलसारखा उलटा बसवावा, तळाशी खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि बाहेरून पट्टी चिकटवावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तिसरीतील मुले नोंद घेतात, पहिलीतील मुले भिंतीवरच्या तक्त्यात दर दहा मिलिमीटरला एक चौकोन रंगवतात, दुसरीतील मुले आठवड्याची बेरीज करतात आणि चौथीतील मुले छपरावर पडलेले पाणी काढतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यामुळे १०० मिलिमीटरच्या दिवशी साठ चौरस मीटरच्या छपरावरून सहा हजार लिटर पाणी वाहून गेले, हे मुलांनी स्वतः काढले, तेव्हा गुणाकार कशासाठी शिकायचा हे मला सांगावे लागले नाही.

जुलैमध्ये भाताच्या लावणीमुळे काही मुले येत नाहीत. त्यांना रागावू नये. ती परत आली की तरवा, दाढ, चिखलणी, मूठ, इरले असे भातशेतीतले शब्द त्यांच्याकडून समजून घेऊन चित्रांसह एका वहीत लिहून घ्यावेत. एरवी वर्गात गप्प राहणारी मुले या तासाला सर्वांत जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर सहामाही परीक्षेपर्यंत नवे काही सुरू करू नये.

दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की भरती-ओहोटी घ्यावी, आणि माझ्या मते वर्षातला सर्वांत मोलाचा उपक्रम हाच. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चौथीतील मुले दिनदर्शिकेवरून तिथी घेऊन वेळ काढतात आणि शाळेच्या वेळेत भरती येणार असेल त्या दिवशी आम्ही सर्वजण ओल्या वाळूपासून दूर उभे राहून ती पडताळतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि या हिशेबात पंचेचाळीसच धरली जातात, त्यामुळे थोडा फरक पडतो. तो का पडतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. पाऊण, सव्वा आणि दीड त्यांच्या पक्के डोक्यात बसतात. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती) आणि सुकती (ओहोटी) हे शब्द मच्छीमार पालकांना वर्गात बोलावून त्यांच्याच तोंडून ऐकवावेत.

२४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. ते याच तालुक्यातील पालगडचे असल्याने तो दिवस आम्ही वाचनासाठी राखतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंजर्ले किंवा वेळास येथे कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. क्षेत्रभेट एकच शक्य असेल तर ती तिथेच न्यावी. अंड्यांतून पिल्ले यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, म्हणून घरट्यावरची तारीख पाहून मुलांना आधी दिवस मोजायला लावावेत.

या सगळ्याला मोठा खर्च येत नाही. बाटली, तक्त्याचा कागद आणि दोन जाड वह्या एवढे साहित्य मेच्या सुट्टीपूर्वीच जमवून ठेवावे, कारण जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस बहुधा आधीच सुरू झालेला असतो.