वाचकांचे प्रश्न : युरोपातील पहिले सत्र

प्रश्न : मी जर्मनीतील एका विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात शिकते आहे. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यास सुरू झाले. आता डिसेंबर आला, तरी ना हजेरी झाली ना चाचणी, आणि प्राध्यापकांना माझे नावही ठाऊक नसावे. परीक्षा फेब्रुवारीत आहे. आपल्याकडे कोणाचेच लक्ष नाही या भावनेने अभ्यासाला बसवत नाही. हे विद्यार्थ्यांकडे होणारे दुर्लक्ष समजावे का?

उत्तर : दुर्लक्ष म्हणता येणार नाही, मात्र गप्प राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत परिणाम दुर्लक्षाइतकाच वाईट होऊ शकतो, हे मान्य करायला हवे. विद्यार्थी प्रौढ आहे आणि अडचण आली तर तो स्वतः येऊन सांगेल, असे तिथे गृहीत धरलेले असते. तुम्ही काही विचारले नाही, तर तुमचे व्यवस्थित चालले आहे असाच अर्थ काढला जातो.

तुमच्या अभ्यासक्रमाची मॉड्यूल-पुस्तिका, म्हणजे प्रत्येक विषयाचा तपशील देणारी पुस्तिका, उघडून पाहा. ईसीटीएस या युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला 60 क्रेडिट धरतात आणि जर्मनीत एका क्रेडिटमागे साधारणपणे 30 तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे 6 क्रेडिटच्या विषयाला 180 तास झाले. त्यांपैकी व्याख्याने आणि सराववर्ग मिळून 60च्या आसपास तास भरतात. उरलेला सारा अभ्यास तुम्ही एकटीने किंवा गटाने करायचा असतो. वेळापत्रकातील रिकामी दुपार ही सुटी नसून अभ्यासक्रमाचाच मोजलेला भाग आहे, हे पहिल्या सत्रात फारच थोड्यांच्या लक्षात येते, कारण ते कोणी वर्गात सांगत नाही.

सर्वांत आधी परीक्षेची नोंदणी तपासा. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेला आपोआप नाव लागले, असे बहुतेक ठिकाणी नसते. नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, तिची मुदत बऱ्याचदा परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते, आणि काही विषयांत सरावप्रश्नांचा ठरावीक हिस्सा सोडवून दिल्याखेरीज परीक्षेला बसूच देत नाहीत. नाव मागे घेण्याचीही तारीख ठरलेली असते. तयारी झाली नसेल तर त्या तारखेच्या आत माघार घेणे शहाणपणाचे ठरते, कारण एखाद्या विषयात किती वेळा अनुत्तीर्ण होता येते याला सहसा मर्यादा असते आणि अनिवार्य विषयातील शेवटचा प्रयत्नही वाया गेला, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो.

प्राध्यापकांची भेटीची वेळ, म्हणजे ‘श्प्रेखश्टुंडं’, त्यांच्या संकेतस्थळावर दिलेली असते. आधी दोन ओळींची मेल पाठवून जा. ‘मला काही कळत नाही’ असे म्हटल्याने हाती फारसे लागणार नाही. ‘या सिद्धतेतील तिसरी पायरी दुसरीवरून कशी आली’ असे विचारले, तर तेच गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ अर्धा तास फळ्यावर लिहीत बसतात. विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, म्हणजे ‘फाखशाफ्ट’कडे, अनेकदा जुन्या प्रश्नपत्रिकांचा संग्रह असतो आणि अभ्यासगटासाठी सोबतीही तिथेच मिळतात. निकालानंतर स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे, तोही वापरा. गुणांकनाचा क्रम उलटा आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच : 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर उत्तीर्ण.

प्रश्न : मी एका सत्राच्या आदानप्रदान योजनेतून इटलीत जाणार आहे. तिथे बहुतेक परीक्षा तोंडी असतात, असे ऐकले आहे. मी लेखी परीक्षेत बरा आहे, पण बोलताना अडखळतो. तयारी कशी करावी?

उत्तर : इटलीत तोंडी परीक्षेचे प्रमाण खरोखरच मोठे आहे आणि अनेक विषयांत लेखीनंतर पुन्हा तोंडी परीक्षा होते. तुमच्या दृष्टीने उपयोगाची गोष्ट अशी, की ही परीक्षा सार्वजनिक असते. म्हणजे इतरांची परीक्षा चालू असताना तुम्हाला त्याच खोलीत बसून ऐकता येते. एका परीक्षा-काळात सहसा एकापेक्षा अधिक तारखा असतात. पहिल्या तारखेला नुसते श्रोते म्हणून जा. त्या प्राध्यापकांचा कल व्याख्येकडे आहे, उदाहरणाकडे आहे की दोन प्रकरणांमधील संबंधाकडे, हे एका सकाळीच उमगते. काही प्राध्यापक सुरुवातीला विद्यार्थ्याच्या आवडीचा विषय मांडायला सांगतात, म्हणून एक विषय तरी घड्याळ लावून मोठ्याने बोलून तयार ठेवावा. मनातल्या मनात केलेली उजळणी इथे कामाला येत नाही.

गुण 30 पैकी असतात, 18 ला उत्तीर्ण, आणि असामान्य उत्तराला 30 च्या पुढे ‘लोदे’ हा सन्मान जोडतात. मिळालेला गुण नाकारून पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभाही सहसा असते. कायमच्या विद्यार्थ्याला ती परवडते. एका सत्रासाठी गेलेल्याने 27 गुण नाकारून परतीच्या विमानाशी शर्यत लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून अधिक लक्ष ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’कडे, म्हणजे तिथे कोणते विषय शिकणार हे नोंदवणाऱ्या लेखी कराराकडे द्या. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय बदलावा लागला, तर सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच दोन्ही विद्यापीठांची संमती घेऊन त्या करारात दुरुस्ती करून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबल्यास परतल्यानंतर क्रेडिट अडकतात.

प्रश्न : माझ्याकडे फ्रान्सचा विद्यार्थी निवास परवाना आहे. नाताळच्या सुटीत शेजारच्या देशांत फिरता येईल का?

उत्तर : येईल. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, अन्य देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ हवेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. आयर्लंडला जायचे तर वेगळा व्हिसा घ्यावा लागेल. परवान्याचे नूतनीकरण चालू असेल आणि हाती केवळ अर्जाची पावती असेल, तर मात्र तिच्या भरवशावर सीमा ओलांडू नका. आधी प्रशासकीय कार्यालयात विचारून मगच तिकीट काढा.