मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर कॉन्सर्टला पहिल्यांदाच जातोयस?

मग नवे बूट घरीच ठेव. दिवसभर गवतात उभं राहून पाय सुजतात. आणि कानात घालायला फोमचे बोळे घे. मित्र हसतील, हसू देत. कॉलेजात मीही हसायचो, आता डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. स्टेजच्या कठड्याला चिकटू नकोस. सगळ्यात नीट ऐकू येतं ते साउंड कन्सोलच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या टेबलाच्या आसपास, कारण मिक्सिंग तिथल्याच कानांनी चाललेलं असतं. मॉशपिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धडका देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, कोणी पडलं तर आधी उचलायचं, नाच नंतर. रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात आणि सगळी गर्दी एकदम स्टेशनकडे लोटते. महालक्ष्मीला फास्ट लोकल थांबत नाही, स्लोच पकडावी लागते. त्या गर्दीत रांग लावायला नको म्हणून परतीचं तिकीट जातानाच काढून ठेव.