घरविक्री प्रश्नोत्तरे: धावपळ एजंटची, सही तुमची

या महिन्यातल्या निम्म्या पत्रांचा सूर एकच: 'सगळं करून देणारी माणसं मिळालीत, सोपवू का?'

प्रश्न: घोडबंदर रोडवरचा फ्लॅट व्हिडिओवर पाहिला. एजंट म्हणतो, आजच टोकन द्या, नाहीतर हातचा जाईल. – वाचक, डोंबिवली

गेला तर जाऊ द्या. व्हिडिओत टँकर दिसत नाही. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्या टँकरच्या पाण्यावर अवलंबून आहेत. सकाळी सातला गेटवर उभे राहा, वॉचमनशी बोला, मेंटेनन्सच्या बिलात पाण्याचा आकडा बघा. मग टोकनचं बोला.

प्रश्न: घर विकायच्या एनओसीसाठी (ना-हरकत पत्रासाठी) सोसायटी दीड लाख मागते म्हणे. एजंट 'जमवून देतो' म्हणतो. – वाचक, कोपरखैरणे

'म्हणे' वर पैसे देऊ नका. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ते शुल्क, जास्तीत जास्त 25,000 रुपये. त्यावरची 'ऐच्छिक देणगी' सेक्रेटरींकडून लेखी मागा. बहुतेकदा तिथेच विषय मिटतो. नाही मिटला, तर सहकार खात्याचे उपनिबंधक आहेत.

प्रश्न: नेरूळचं सिडकोचं घर विकतोय. एजंट ट्रान्सफरची सगळी कामं करून द्यायचं 'पॅकेज' देतो, ते घ्यावं का?

खुशाल घ्या. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल, तर सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतंच. सिडकोच्या बेलापूर कचेरीचे हेलपाटे वाचत असतील तर ते पैसे वसूल. मात्र शुल्क सिडकोला थेट तुमच्या खात्यातून, आणि पावती तुमच्या नावाची. फाइलमध्ये झेरॉक्स द्या. मूळ करार दाखवायची वेळ आलीच तर स्वतः घेऊन जा.

प्रश्न: रीसेलला दलाली किती?

साधारण एक ते दोन टक्के. घर दाखवण्याआधी लिहून घ्या.

प्रश्न: वडील 81 वर्षांचे, नौपाड्यात एकटे. गुडघ्यांमुळे रजिस्ट्रेशनला जाणं जमत नाही. मी बंगळुरूला. एक कंपनी त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार) मागते. किंमत ठरवण्यापासून पैसे घेण्यापर्यंत सगळं तेच करणार. आमची मोठी सोय होईल.

सोय कोणाची, ते मसुदा वाचल्यावर कळेल. असाच एक मसुदा माझ्या टेबलावर आला होता. सहाव्या पानावर बारीक अक्षरात 'मोबदला स्वीकारणे व त्याची पोच देणे'. फ्लॅटचा नंबर भलत्याच इमारतीतला, कारण आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल तशीच उचललेली. टाइप करणाऱ्याने घर पाहिलं नव्हतं, एजंटने मसुदा वाचला नव्हता, आणि आजोबांनी मात्र प्रत्येक पानावर सही करून ठेवलेली. विचारलं तर म्हणाले, "मुलगा बरा वाटला हो, चहा पण घेतला नाही त्याने."

फोटो काढणं, जाहिरात, गिऱ्हाइकं आणणं, स्टॅम्प ड्युटीचं चलन, रजिस्ट्रेशनची वेळ घेणं, हे सगळं कंपनीला द्या. किंमत ठरवणं आणि पैसे घेणं देऊ नका. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. पण मुखत्याराने तुमच्या नावाने केलेला सौदा निस्तरायला कोर्टाच्या पायऱ्या तुम्हीच चढता.

आणि मुळात मुखत्यारपत्र लागतंय कशाला? 1908 च्या नोंदणी कायद्यात आजारी, अपंग माणसाला कचेरीत हजर राहण्यापासून सूट आहे. अर्ज केला की दुय्यम निबंधकांकडून घरी येऊन नोंदणीची व्यवस्था होऊ शकते. कंपनीने हे सांगितलं का? नसेल सांगितलं. द्यायचंच झालं तर मुखत्यारपत्र तुमच्या नावे द्या, विशेष स्वरूपाचं, फक्त या एका फ्लॅटपुरतं, आणि रक्कम वडिलांच्याच खात्यात जमा होईल असं त्यात लिहा.

मसुदा आणि फ्लॅटची सगळी जुनी करारसाखळी घेऊन स्वतंत्र वकिलाला भेटा. कंपनीने सुचवलेला वकील नको. तोवर वडिलांना फोन करून सांगा, कोणी कितीही गोड बोललं तरी पेन हातात घ्यायचं नाही.